लॉटरीच्या भिंतीवर जन्मलेले जाड अक्षर

१/
१८२६ सालचा ऑक्टोबर महिना. इंग्लंडची सरकारी लॉटरी कायमची बंद होणार होती. शेवटच्या सोडतीची तिकिटे खपवण्यासाठी ठेकेदारांनी लंडनच्या भिंती भित्तिपत्रकांनी मढवून टाकल्या. त्या सोडतीत कोणाचे नशीब उजळले, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. त्या भित्तिपत्रकांवरचे काळेभोर, फुगीर अक्षर मात्र दोनशे वर्षे टिकून आहे. आजचा धागा त्या अक्षराविषयी.

२/
या अक्षराला इंग्रज मुद्रकांनी 'फॅट फेस' म्हटले. छापखान्याच्या भाषेत 'फेस' म्हणजे खिळ्याचा शाई लागणारा, कागदावर उमटणारा चेहरा. म्हणून फॅट फेस म्हणजे लठ्ठ चेहऱ्याचे अक्षर. नाव थट्टेचे वाटते, परंतु ज्याला आपण आज 'बोल्ड' म्हणतो त्या कल्पनेच्या इतिहासातला एक मोठा टप्पा याच थट्टेच्या नावाने ओळखला जातो.

३/
आधी दोन शब्द समजून घेऊ. रोमन लिपीतील 'आय' हे मोठे अक्षर डोळ्यांसमोर आणा: उभा दांडा आणि त्याच्या वरच्या व खालच्या टोकाला लहानशी आडवी रेघ. ही टोकाची रेघ म्हणजे 'सेरिफ'. दुसरी गोष्ट रेघांच्या जाडीतील फरकाची. बोरूच्या तिरक्या कापामुळे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटते, हे आपल्याला ठाऊक आहे. युरोपातील रुंद टोकाच्या लेखणीनेही रोमन अक्षरांत असाच फरक आणला आणि तो पुढे छपाईच्या खिळ्यांत उतरला.

४/
गुटेनबर्गचे बायबल सुमारे १४५५ सालचे. त्यानंतर साडेतीन शतके युरोपातील अक्षरनिर्मिती मुख्यतः ग्रंथासाठी होत राहिली. वाचक पुस्तक हातात धरणार, शांतपणे ओळीमागून ओळ वाचणार, हे गृहीत होते. शीर्षकपृष्ठावर मोठे अक्षर हवे असेल तर तीच घडण आकाराने वाढवली जाई. शब्दावर भर द्यायचा तर तिरपे अक्षर, मोठी अक्षरे किंवा जुन्या गॉथिक वळणाचे अक्षर वापरले जाई. त्याच अक्षराचे मुद्दाम जाड केलेले रूप मुद्रकाच्या पेटीत नव्हते.

५/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अक्षराचे रूप पालटू लागले. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल, पॅरिसचे दिदो घराणे आणि पार्मा येथील जंबातिस्ता बोदोनी यांनी जाड व बारीक रेघांतील अंतर वाढवत नेले. बारीक रेघ केसासारखी झाली, सेरिफ धारदार झाली, दांडा ताठ उभा राहिला. पांढऱ्याशुभ्र कागदावर हे अक्षर अतिशय देखणे दिसे. हे सौंदर्य राजेरजवाड्यांच्या आणि जाणकारांच्या ग्रंथालयांसाठी होते. त्याचा पुढचा प्रवास मात्र रस्त्यावर झाला.

६/
१८०१ च्या जनगणनेत लंडनची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती. नाटकगृहे, लिलाव, घोडागाड्यांच्या फेऱ्या, सर्व रोगांवरची औषधे, सगळ्यांनाच गिऱ्हाईक हवे होते. परंतु वृत्तपत्रातील प्रत्येक जाहिरातीवर सरकार कर घेई. १८१५ पासून तो कर जाहिरातीमागे साडेतीन शिलिंग होता आणि तो पूर्णपणे उठला १८५३ मध्ये. त्यामुळे ज्याला मोठ्याने बोलायचे होते, त्याचे लक्ष भिंतीकडे गेले. भिंतीला खळ लागे, पण जाहिरातीवरचा कर लागत नसे.

७/
मोठ्याने बोलण्याची सर्वांत जास्त गरज लॉटरीवाल्यांना होती. इंग्लंडमध्ये सरकारी लॉटरी १६९४ पासून चाले. ब्रिटिश म्युझियमच्या स्थापनेचा पैसाही १७५३ च्या लॉटरीतून उभा राहिला. सरकार तिकिटे ठेकेदारांना घाऊक विकी आणि ठेकेदार ती नफ्याने लोकांना विकत. पूर्ण तिकीट सामान्य माणसाला परवडणारे नव्हते. म्हणून त्याचे अर्धे, पाव, आठवा आणि सोळावा असे हिस्से होत. टॉमस बिश हा या ठेकेदारांतील जाहिरातबाजीसाठी सर्वांत गाजलेला माणूस.

८/
ठेकेदाराची अडचण अशी की त्याचे भित्तिपत्रक भिंतीवर एकटे नसे. शेजारी नाटकाचे, वर लिलावाचे, खाली मलमाचे. रस्त्यावरचा माणूस चालत असतो, घाईत असतो, वीस पावलांवरून नुसती नजर टाकतो. पुस्तकासाठी घडवलेले नाजूक अक्षर कितीही मोठे केले तरी त्या गर्दीत फिकेच पडे. पानावरचे अक्षर वाचकाची वाट पाहू शकते. भिंतीवरच्या अक्षराला वाटसरूला थांबवावे लागते.

९/
येथे रॉबर्ट थॉर्न या अक्षर-ओतकाराचा प्रवेश होतो. थॉर्न हा टॉमस कॉटरेल याचा शिकाऊ उमेदवार. कॉटरेलने १७६५ च्या सुमारास भित्तिपत्रकांसाठी मोठ्या आकाराची अक्षरे ओतली होती. कॉटरेलच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये थॉर्नने ती टाइप फाउंड्री विकत घेतली आणि पुढे लंडनच्या फॅन स्ट्रीटवर हलवली. मोठ्या अक्षरांचा बाजार त्याला गुरूकडून वारशाने मिळाला होता. त्या अक्षरांची जाडी किती वाढवता येईल, हा प्रश्न त्याने स्वतः सोडवला.

१०/
एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थॉर्नने दिदो-बोदोनी वळणाचे अक्षर घेतले आणि त्यातील फक्त जाड रेघा फुगवल्या. बारीक रेघा होत्या तशाच केसासारख्या ठेवल्या. कल्पना सांगायला सोपी आहे, परिणाम मात्र विलक्षण होता. दांडा इतका रुंद झाला की अक्षराची उंची त्याच्या जाडीच्या सुमारे अडीचपट उरली. अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आक्रसून चिरेएवढी झाली.

११/
हे अक्षर नीट न्याहाळा. मोठ्या 'ओ'च्या दोन्ही बाजूंना दोन काळे अर्धचंद्र आणि मधोमध एक उभी पांढरी फट. लहान 'ए' किंवा 'आर' यांच्या टोकाला शाईचा टपोरा थेंब लोंबतो आहे असे वाटते. जाड दांड्याखाली सेरिफ मात्र सुतासारखी बारीक. एखाद्या पहिलवानाने नर्तकीच्या पावलांवर तोल सांभाळावा, तसे हे रूप. त्यातील विसंगतीमुळेच नजर खिळते.

१२/
हे रूप त्याच काळात शक्य झाले, यामागे तंत्रही होते. खिळा घडवण्याची जुनी रीत अशी: पोलादाच्या ठशावर अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा बनवायचा आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. पण मोठ्या अक्षराचा ठसा तांब्यात ठोकणे अशक्यप्राय. म्हणून मोठी अक्षरे वाळूच्या साच्यात ओतत आणि त्यांच्या कडा ओबडधोबड येत. १८१० मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनने नवी युक्ती आणली: पत्र्यातून अक्षर आरपार कापायचे आणि तो पत्रा दुसऱ्या पत्र्यावर रिव्हेटने पक्का बसवायचा. या जोडसाच्यातून मोठी अक्षरेही रेखीव निघू लागली.

१३/
दुसरी अडचण छापयंत्राची होती. अक्षर जितके काळे, तितकी शाई जास्त आणि ती कागदावर एकसारखी उतरवायला दाबही तितकाच जास्त हवा. जुन्या लाकडी दाबयंत्रांना हे झेपत नसे. १८०० च्या सुमारास लॉर्ड स्टॅनहोप यांचे लोखंडी दाबयंत्र आले. त्याच्या चौकटीला अधिक ताण सहन होई आणि तरफांच्या रचनेमुळे मोठा पृष्ठभाग एका ओढीत छापता येई. लाकडी दाबयंत्रांच्या जमान्यात थॉर्नची कल्पना कदाचित नमुनापुस्तकातच राहिली असती.

१४/
यश मिळताच नक्कल सुरू झाली. अक्षराच्या रूपावर कायद्याचे संरक्षण नव्हते. व्हिन्सेंट फिगिन्स, कॅस्लन आणि इतर फाउंड्रीवाले आपापली लठ्ठ अक्षरे विकू लागले. भिंतीवर प्रत्येकच जण ओरडू लागला की पुन्हा कोणाचेच ऐकू येत नाही. मग आणखी वेगळे काहीतरी हवे झाले. १८१५ ते १८१७ च्या सुमारास फिगिन्सने सेरिफही दांड्याइतकीच जाड करून टाकली. १८१६ च्या सुमारास कॅस्लनच्या नमुनापुस्तकात सेरिफ पूर्णपणे गाळलेले अक्षर आले. आज ज्यांना 'स्लॅब सेरिफ' आणि 'सॅन्स सेरिफ' म्हणतात ती दोन्ही कुळे छापील खिळ्यांत अवतरली ती याच चढाओढीच्या वर्षांत.

१५/
समकालीन जाणकारांना हे सारे रुचले का? मुद्रक विल्यम सॅव्हेज यांनी १८२२ मध्ये भित्तिपत्रकांतील या क्रांतीचे मुख्य श्रेय थॉर्नला दिले. टॉमस कर्सन हॅन्सार्ड, ज्यांच्या आडनावाने ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे वृत्त आजही ओळखले जाते, त्यांनी १८२५ च्या आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात या नव्या जाड अक्षरांवर टीका केली. ग्रंथमुद्रणाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ती बेडौल वाटावीत, यात नवल नाही.

१६/
हॅन्सार्ड यांची नापसंती एका अर्थाने रास्त होती. फॅट फेसमध्ये सलग पानभर मजकूर छापला तर तो वाचवत नाही. पोटातील पांढरे उरत नाही, बारीक रेघा दुरून नाहीशा होतात, अक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी भासतात. परंतु हे अक्षर त्या कामासाठी घडलेलेच नव्हते. त्याच्या वाट्याला एक-दोन शब्द येत: बक्षिसाची रक्कम, सोडतीचा दिवस, ठेकेदाराचे नाव. बाकीचा तपशील खाली लहान, साध्या अक्षरात असे.

१७/
माझ्या मते या अक्षराचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. त्याने अक्षराच्या कामाची फाळणी केली. एक अक्षर पाहण्यासाठी, दुसरे वाचण्यासाठी. आधी नजर पकडायची आणि मग मजकूर सांगायचा, हा क्रम आज आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की त्याला जन्मतारीख असेल असे मनातही येत नाही. वर्तमानपत्राचा मथळा, पुस्तकाचे मुखपृष्ठ, व्हिडिओवरचे ठसठशीत शीर्षक, सर्व याच फाळणीचे वारस आहेत.

१८/
आता एक गमतीची नोंद. १८२० मध्ये थॉर्न वारला आणि त्याची फाउंड्री लिलावात निघाली. ती घेणारा विल्यम थोरोगुड हा या धंद्यातला नव्हता. मुद्रणाच्या इतिहासात नोंद आहे ती अशी की फाउंड्रीची किंमत त्याने लॉटरीत जिंकलेल्या पैशातून भरली. ज्या लॉटरीच्या जाहिरातींनी जाड अक्षराला बाजार मिळवून दिला, तिच्याच बक्षिसाने त्या अक्षराची जन्मभूमी विकत घेतली.

१९/
परंतु थोरोगुडसारखे नशीबवान थोडेच. १८०८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने लॉटरीची चौकशी केली आणि गरिबांच्या घरांवर होणाऱ्या तिच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. मजूर आणि नोकरचाकर सोळाव्या हिश्शासाठी पैसे घालवत होते. त्यांना भुरळ घालणाऱ्या यंत्रणेत भिंतीवरचे ते काळे आकडे सामील होते. अक्षराचा इतिहास सांगताना ही बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२०/
लॉटरी गेली, अक्षर राहिले. जॉन ऑर्लँडो पॅरी याने १८३५ मध्ये लंडनच्या रस्त्याचे एक जलरंगचित्र काढले. मागे सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट आणि समोर एकावर एक चिकटवलेल्या भित्तिपत्रकांनी पूर्ण झाकलेली भिंत. पॅरीने त्या पत्रकांवरील अक्षरांची वळणे कुंचल्याने इतक्या निष्ठेने उतरवली आहेत की ते चित्र त्या काळच्या अक्षरांचा नमुनासंग्रहच झाले आहे. पुढे १८३९ च्या लंडन पोलीस कायद्याने मालकाच्या संमतीविना भिंतीवर पत्रक चिकटवणे गुन्हा ठरवले. 'येथे जाहिराती लावू नयेत' या आपल्या ओळखीच्या पाटीचे हे जुने कूळ.

२१/
अटलांटिकपलीकडे हे अक्षर लाकडात उतरले. शिशाचे मोठे खिळे जड, महाग आणि थंड होताना वेडेवाकडे होणारे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकूड कोरणाऱ्या फिरत्या यंत्राने मोठी अक्षरे तयार करण्यास सुरुवात केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची जोड दिली. त्यामुळे एकाच नमुन्यावरून हव्या त्या आकाराचे अक्षर कोरता येऊ लागले. आता लहान गावातील छापखान्यालाही हातभर उंचीचे अक्षर परवडू लागले.

२२/
आणि मग त्या अक्षरांनी काय छापले? सर्कस आणि आगबोटींच्या वेळापत्रकांबरोबरच अमेरिकेत गुलामांच्या लिलावाची आणि पळून गेलेल्यांना पकडून देणाऱ्यास इनामाची पत्रकेही अशाच जाड अक्षरांत निघाली. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना मालकांच्या हवाली करण्याचा कठोर कायदा आला. त्यानंतर एप्रिल १८५१ मध्ये बोस्टनमध्ये एक भित्तिपत्रक लागले. शहरातील कृष्णवर्णीयांनी पोलिसांशी व पहारेकऱ्यांशी बोलणेही टाळावे, कारण तेच आता माणसे पकडू लागले आहेत, असा इशारा त्यात होता. त्याचा मथळाही तितक्याच ठसठशीत, काळ्या खिळ्यांत जुळवलेला होता.

२३/
माणसाची किंमत सांगणारे पत्रक आणि माणसाला वाचवू पाहणारे पत्रक, दोन्हींची अक्षरे एकाच कुळातली. जुळाऱ्याच्या पेटीतील खिळ्याला स्वतःची बाजू नसते. जाड अक्षर फक्त आवाज चढवते. तो आवाज कोणाचा आणि कशासाठी, हे वाचणाऱ्यालाच पारखावे लागते.

२४/
भिंतीवरचे हे जाडपण पुढे पुस्तकातही शिरले. १८४५ मध्ये थोरोगुडच्याच फाउंड्रीतून, रॉबर्ट बेस्ली याच्या पुढाकाराने, 'क्लॅरेंडन' हे अक्षर आले. ते जाड होते, पण फॅट फेससारखे अतिरेकी नव्हते. साध्या मजकुराच्या ओळीत एखादा शब्द उठून दिसावा यासाठी ते घडवले होते. नव्या कायद्याखाली त्याची तीन वर्षांसाठी नोंदणी झाली आणि मुदत संपताच इतरांनी नकला बाजारात आणल्या. १८८४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी शब्दकोशात मूळ नोंदीचे शब्द याच वळणात छापले गेले. लॉटरीच्या भिंतीवरून निघालेली वाट कोशाच्या पानापर्यंत पोहोचली ती अशी.

२५/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुची पालटली. १८९१ मध्ये केल्मस्कॉट प्रेस सुरू करणाऱ्या विल्यम मॉरिसला बोदोनी वळणाचे अक्षरच मुळी नापसंत होते, मग त्याचे फुगवलेले रूप तर दूरच. फॅट फेस जुनाट ठरले. पण जाहिरातीला त्याची पुन्हा आठवण झाली. १९२८ मध्ये अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनने 'अल्ट्रा बोदोनी' रेखाटले. १९३८ मध्ये निकोलेट ग्रे यांनी एकोणिसाव्या शतकातील सजावटी अक्षरांवर ग्रंथ लिहून या उपेक्षित विषयाला अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. १९५३ मध्ये स्टिव्हन्सन ब्लेक या फाउंड्रीने जुने लठ्ठ अक्षर पुन्हा विक्रीस आणले आणि त्याचे नाव ठेवले 'थोरोगुड'.

२६/
संगणकाच्या युगातही त्याचे वंशज आहेत. मॅथ्यू कार्टर यांचे 'एलिफंट' हे अक्षर फिगिन्सच्या लठ्ठ अक्षरांवरून स्फुरले. टाइपटुगेदर या संस्थेचे 'अब्रिल फॅटफेस' २०११ पासून विनामूल्य मिळते. लग्नपत्रिकेपासून संकेतस्थळाच्या मथळ्यापर्यंत आपण ते कुठेतरी नक्कीच पाहिले असेल. पडद्यावर त्याची केसासारखी रेघ पुसट होते, ही दोनशे वर्षांपूर्वीची अडचण आजही तशीच आहे. म्हणून जाणते रचनाकार ते मोठ्या आकारात आणि मोजक्याच शब्दांसाठी वापरतात.

२७/
देवनागरीत जाड अक्षर घडवणे आणखी अवघड. वर शिरोरेघा, डोक्यावर रफार आणि मात्रा, पायाशी उकार आणि पोटात गाठी. रेघ जरा फुगवली की 'क्ष' किंवा 'ङ' यांच्या आतील पांढरे बुजून जाते. आपली भाषा मात्र ही कल्पना केव्हाच आत्मसात करून बसली आहे. आकाशवाणी बातमीपत्राच्या आरंभी 'ठळक बातम्या' सांगते. आवाजाला जाडी नसते, तरीही आपण बातमीला ठळक म्हणतो. पाहण्याचा शब्द आपण ऐकण्यालाही लावला आहे.

२८/
पुढच्या वेळी एखादा काळाकुट्ट मथळा आपली नजर अडवील, तेव्हा क्षणभर थांबून खालचा लहान मजकूरही वाचावा. लंडनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात बक्षिसाची रक्कम असे. आपण विकत घेतो आहोत तो तिकिटाचा फक्त सोळावा हिस्सा, हा हिशेब लहान अक्षरांत असे. दोनशे वर्षांत भिंती बदलल्या, अक्षरांची ही वाटणी बदललेली नाही.

धागा समाप्त. आपल्या गावातील जुन्या छापखान्यात लाकडी किंवा शिशाचे मोठे खिळे अजून शिल्लक असतील, तर त्यांचे छायाचित्र जरूर टाका. भंगारात जाण्याआधी त्यांची नोंद होणे आवश्यक आहे.